बैल गेला आणि झोपा केला
संगणकातली घरफोडी आणि कायद्याची चाळीस वर्षं



या भाषणमालेत आपण सातबाऱ्यावरच्या नावाबद्दल बोललो, वारसाहक्काबद्दल बोललो, पोटगीबद्दल बोललो. आजचा विषय ऐकून काहीजणी म्हणतील, हे शहरातलं कशाला आणलंत? विषय आहे हॅकिंग, आणि हॅकिंगला कायद्याने कसं हाताळावं, हा. पण जरा थांबा. आपल्या गटाची बचत आज बँकेत आहे. बँकेचा हिशेब संगणकात आहे. निराधार योजनेचे पैसे, पीकविम्याचे पैसे, दुधाचा पगार, सगळं खात्यावर येतं. पूर्वी पैसा गाडग्यात होता तेव्हा चोराला घर फोडावं लागायचं. आता त्याला घरापर्यंत यायचीही गरज नाही. म्हणून हा विषय आपलाच आहे.

हॅकिंग म्हणजे काय, ते आधी साध्या शब्दांत सांगतो. दुसऱ्याच्या संगणकात, मोबाईलमध्ये किंवा खात्यात त्याच्या परवानगीवाचून शिरणं म्हणजे हॅकिंग. कुणी फोन करून गोड बोलून आपल्याकडून ओटीपी काढून घेतो, तेव्हा तो कुलूप फोडत नाही, आपल्याच हातून किल्ली घेतो. ती फसवणूक झाली. दोन्हींत नुकसान सारखंच, पण कायद्याच्या दृष्टीने दोन्ही वेगळे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.

जुन्या दाराचा कायदा

संगणक यायच्या किती तरी आधीपासून कायद्याला दारं आणि कुलपं ठाऊक होती. १८६० साली इंग्रजांनी भारतीय दंड संहिता केली. त्यात दुसऱ्याच्या जागेत शिरण्याच्या पायऱ्या पाडलेल्या आहेत. दुसऱ्याच्या ताब्यातल्या जमिनीत वाईट हेतूने पाय ठेवला, तर तीन महिन्यांपर्यंत कैद. घरात शिरला, तर एक वर्षापर्यंत. घर फोडून शिरला, तर दोन वर्षांपर्यंत. रात्री फोडलं, तर तीन. आणि रात्री चोरी करण्यासाठी फोडलं, तर थेट चौदा वर्षांपर्यंत.

यात शहाणपण आहे. शेजारची शेळी शोधायला जो आपल्या परड्यात आला, तो चोर नाही. तो परड्यात का आला, कसा आला, काय नुकसान केलं, हे बघून शिक्षा ठरते. २०२४ च्या जुलैपासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्यातही या पायऱ्या आहेत. संगणकाच्या बाबतीत मात्र या पायऱ्या पाडायला जगाला फार वेळ लागला. आधी कायदाच नव्हता. मग आला तो कुठे अपुरा पडला, कुठे अति झाला. आपल्याकडे म्हण आहे ना, बैल गेला आणि झोपा केला. झोपा म्हणजे गोठ्याचं दार. बैल चोरीला गेल्यावर दार लावायचं. हॅकिंगच्या कायद्याचा इतिहास हा असा आहे. देशोदेशी आधी बैल गेला, मग झोपा केला.

इंग्लंड : चार आकड्यांचं कुलूप

पहिली गोष्ट इंग्लंडची. १९८० च्या सुमारास तिथे प्रेस्टेल नावाची सेवा होती. ती ब्रिटिश टेलिकॉम ही टेलिफोन कंपनी चालवायची. टेलिफोनची तार जोडून टीव्हीच्या पडद्यावर माहिती वाचता यायची, एकमेकांना निरोपही धाडता यायचे. आजच्या इंटरनेटची ती थोरली बहीण म्हणा.

स्टीफन गोल्ड आणि रॉबर्ट शिफ्रीन नावाचे दोन पत्रकार होते. शिफ्रीन एकदा सहज आकडे दाबून बघत होता. नावाच्या जागी त्याने आठ वेळा दोनचा आकडा दाबला आणि पासवर्ड म्हणून एक, दोन, तीन, चार. दार उघडलं! ते खातं प्रेस्टेलच्याच एका तंत्रज्ञाचं होतं. हळूहळू दोघं सगळ्या व्यवस्थेत फिरू लागले. इंग्लंडच्या राणीचे पती प्रिन्स फिलिप यांच्या निरोपांच्या पेटीपर्यंत ते पोचले. पैसे त्यांनी चोरले नाहीत. पण कंपनीची अब्रू गेली. १९८५ साली दोघांना अटक झाली.

आता पंचाईत अशी, की खटला भरायचा कुठल्या कायद्याखाली? दुसऱ्याच्या संगणकात शिरणं हा गुन्हा आहे, असं इंग्लंडच्या कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. मग १९८१ सालचा खोट्या दस्तऐवजांचा कायदा काढला. म्हणणं असं, की दुसऱ्याचा पासवर्ड दाबला म्हणजे खोटा दस्तऐवजच केला. खालच्या कोर्टाने हे मानलं आणि दोघांना काही शे पौंडांचा दंड केला. ते अपिलात गेले. वरच्या कोर्टाने विचारलं, पासवर्ड दाबला की तो संगणकात क्षणभर राहतो आणि पुसला जातो. त्याला दस्तऐवज कसं म्हणायचं? दोघं सुटले. १९८८ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनेही, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने, हेच कायम केलं. हा गुन्हा ठरवायचा असेल तर संसदेने तसा कायदा करावा, ओढूनताणून जुना कायदा लावू नये, असा त्याचा अर्थ होता.

मग १९९० साली इंग्लंडच्या संसदेने संगणकाच्या गैरवापराचा कायदा केला. त्यात तीन पायऱ्या होत्या. नुसतं परवानगीवाचून शिरणं, ही पहिली, तिला सहा महिन्यांपर्यंत कैद. पुढचा मोठा गुन्हा करायच्या हेतूने शिरणं, ही दुसरी. आतली माहिती बिघडवणं, ही तिसरी. या दोन्हींना पाच वर्षांपर्यंत. बघा, दंड संहितेसारख्याच पायऱ्या झाल्या की नाही? पुढे इंग्लंडने या शिक्षा वाढवल्या, पण पायऱ्या ठेवल्या.

या गोष्टीत आणखी एक धडा आहे. कुलूप कुणी लावलं होतं? एक, दोन, तीन, चार हा पासवर्ड ठेवणाऱ्या कंपनीला कुणी जाब विचारला नाही. तो प्रश्न आजपर्यंत आपल्या मागे आहे.

अमेरिका : मुलाचा प्रयोग आणि हजारो बंद संगणक

अमेरिकेने १९८६ सालीच संगणक-फसवणुकीचा कायदा केला होता. त्याची परीक्षा दोनच वर्षांत झाली. २ नोव्हेंबर १९८८ ला कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस या विद्यार्थ्याने एक छोटा प्रोग्रॅम इंटरनेटवर सोडला. एका संगणकातून दुसऱ्यात आपोआप शिरत जायचं, एवढंच त्याचं काम. कुणाची माहिती पुसायची नव्हती, पैसे चोरायचे नव्हते. पण हिशेब चुकला. प्रोग्रॅम एकाच संगणकात पुन्हा पुन्हा शिरू लागला. पिठाच्या गिरणीत एकाच वेळी दहा पायल्या ओताव्यात तसे संगणक तुंबले आणि बंद पडले. तेव्हा साऱ्या इंटरनेटवर अंदाजे साठ हजार संगणक होते. त्यांतले सुमारे सहा हजार अडकले, असा तेव्हाचा अंदाज होता. गंमत म्हणजे मॉरिसचे वडील सरकारच्या संगणक-सुरक्षेच्या कामातले मोठे जाणकार.

कोर्टात मॉरिसचं म्हणणं होतं, की माझा नुकसान करायचा हेतूच नव्हता. कोर्ट म्हणालं, परवानगी नसलेल्या ठिकाणी शिरायचा हेतू होता ना? मग पुरे. नुकसानाचा हेतू वेगळा सिद्ध करायची गरज नाही. १९९० साली त्याला शिक्षा झाली. पण कोणती? तुरुंग नाही. तीन वर्षं देखरेखीखाली राहायचं, ४०० तास समाजसेवा करायची आणि दहा हजार डॉलरच्या वर दंड भरायचा. पुढे हाच मॉरिस एका नामवंत विद्यापीठात संगणकशास्त्राचा प्राध्यापक झाला.

आम्हाला हा निकाल विचार करण्यासारखा वाटतो. गुन्हा मान्य केला, पण माणूस वाया घालवला नाही. पोरगं चुकलं तर त्याला आवरायचं असतं, मोडून टाकायचं नसतं. पण पुढे अमेरिकेतच याच्या उलट घडलं. ते थोड्या वेळाने सांगतो.

मनिला : कायद्यात नाही तो गुन्हा नाही

आता येऊ आपल्यासारख्याच एका गरीब देशाकडे, फिलिपिन्सकडे. ४ मे २००० चा दिवस. लोकांच्या संगणकांत एक पत्र आलं, त्यावर मथळा होता ‘आय लव्ह यू’. आपल्यावर कुणाचं प्रेम आहे, हे बघायचा मोह कुणाला आवरेल? पत्रासोबतची फाईल उघडली, की तेच पत्र त्या माणसाच्या ओळखीच्या सगळ्यांना आपोआप जायचं. संगणकातले फोटो आणि कागद बिघडायचे. शिवाय पासवर्ड चोरायची सोयही त्यात होती. पाहता पाहता जगभरचे लाखो संगणक आजारी पडले. इंग्लंडच्या संसदेलासुद्धा आपली ईमेल बंद ठेवावी लागली.

माग काढत पोलीस मनिलाला पोचले. तिथे ओनेल दे गुझमान नावाचा संगणक-महाविद्यालयातला तरुण सापडला. त्याने कॉलेजात एक प्रबंध मांडला होता. इंटरनेट महाग आहे, गरिबांना परवडत नाही, तर दुसऱ्यांचे पासवर्ड मिळवून ते फुकट कसं वापरता येईल, असा त्याचा विषय. कॉलेजने तो नाकारला होता.

पण फिलिपिन्समध्ये हॅकिंगविरुद्ध कायदाच नव्हता. बँकेच्या कार्डांच्या गैरवापराचा कायदा लावून पाहिला, पण तो बसेना. १४ जून २००० ला, म्हणजे घटनेनंतर सहा आठवड्यांत, तिथे नवा कायदा झाला आणि त्यात हॅकिंगला शिक्षा आली. पण कायदा मागे चालत नाही. ज्या दिवशी कृत्य केलं त्या दिवशी ते गुन्हा नव्हतं, तर नंतर केलेल्या कायद्याने शिक्षा देता येत नाही. ऑगस्टमध्ये सरकारने त्याच्यावरचे आरोप मागे घेतले. वीस वर्षांनी तो मनिलातच एका छोट्या दुकानात मोबाईल दुरुस्त करताना एका पत्रकाराला सापडला. हो, तो प्रोग्रॅम मीच केला, पासवर्डसाठी केला, असं त्याने तेव्हा सांगितलं.

मैत्रिणींनो, जगाचं एवढं नुकसान करून माणूस सुटला, याचा राग येतो. पण हा नियम आपल्या राज्यघटनेतही आहे, विसाव्या कलमात. आज केलेल्या गोष्टीला उद्या कायदा करून गुन्हा ठरवता येत नाही. हा नियम नसता, तर सत्तेवर असलेला कुणीही नको असलेल्या माणसाला मागच्या तारखेने तुरुंगात टाकू शकला असता. म्हणून धडा नियम मोडायचा नाही. धडा असा, की झोपा वेळेवर करायचा.

आपला देश : भरपाई आणि तुरुंग

भारताने मात्र त्याच वर्षी दार बसवलं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० साली मंजूर झाला आणि १७ ऑक्टोबर २००० पासून लागू झाला. खरं तर तो मुख्यतः संगणकावरच्या व्यापाराला आणि सह्यांना मान्यता देण्यासाठी होता. पण त्यात हॅकिंगचंही कलम होतं, कलम ६६. त्या वेळच्या व्याख्येत हॅकिंग म्हणजे नुकसान व्हावं म्हणून, किंवा ते होईल हे माहीत असून, संगणकातली माहिती नष्ट करणं, बदलणं, तिची किंमत घटवणं. म्हणजे कुणी नुसता शिरला, सगळं वाचलं आणि निघून गेला, तर तो या कलमात नीट बसत नव्हता.

२००८ साली कायदा दुरुस्त झाला आणि पुढच्या वर्षी ती दुरुस्ती लागू झाली. तेव्हा ‘हॅकिंग’ हा शब्दच कलमातून गेला. आता रचना अशी आहे. कलम ४३ मध्ये कृत्यांची यादी आहे. मालकाच्या परवानगीवाचून संगणकात शिरणं, माहिती उतरवून घेणं, व्हायरस घालणं, काम बंद पाडणं, वगैरे. यातलं काहीही केलं, तर ज्याचं नुकसान झालं त्याला भरपाई द्यावी लागते. आणि हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवण्याच्या हेतूने केलं, तर कलम ६६ लागतं. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. थोडक्यात, परवानगी नव्हती तर भरपाई, आणि मनात खोट होती तर तुरुंग. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख वापरणाऱ्याला ६६-क, म्हणजे इंग्रजी अक्षराप्रमाणे ६६-सी. संगणकावरून किंवा मोबाईलवरून दुसरंच कुणी असल्याचं सोंग आणून फसवणाऱ्याला ६६-डी. ओटीपी काढून घेणारा बहुधा इथे अडकतो.

ही मांडणी आम्हाला चांगली वाटते. पण कागदावरचा कायदा आणि बाईच्या पायाखालची वाट, यांत अंतर आहे. पाच कोटींपर्यंतच्या भरपाईचा निर्णय देणारे अधिकारी म्हणजे राज्याच्या माहिती तंत्रज्ञान खात्याचे सचिव. ते राजधानीत बसतात. ज्या बाईचे आठ हजार गेले तिने मुंबईला खेटे घालायचे का? आणि गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा, असा नियम आहे. लहान चौकीत निरीक्षक नसतो. मग आज या, उद्या या, असं होतं. दार चांगलं, पण त्याची किल्ली गावात नाही.

कायदा अति झाला तर

आता कायदा कमी पडण्याऐवजी जास्त झाला तर काय होतं, ते पाहू.

अमेरिकेत ॲरन स्वार्ट्झ नावाचा हुशार तरुण होता. ज्ञान सगळ्यांना मोकळं असावं, असं त्याचं मत. त्याने एका नामांकित तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यातून जेस्टोर या संग्रहातले लाखो अभ्यासलेख उतरवून घेतले. ते विकले नाहीत. २०११ साली त्याला अटक झाली. जेस्टोरने आपल्याला खटला पुढे न्यायचा नाही असं सांगितलं. पण सरकारी वकिलांनी १९८६ च्या त्याच कायद्याखाली एकावर एक कलमं लावली. पस्तीस वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकेल, असं जाहीर झालं. खटला उभा राहायच्या आधीच, जानेवारी २०१३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्याने आत्महत्या केली. मॉरिसला त्याच कायद्याने समाजसेवा दिली होती. कायदा तोच, पण हाताळणारे हात वेगळे. त्याच्या मृत्यूनंतर कायदा सौम्य करायचं विधेयक मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही.

आपल्याकडचं उदाहरण हॅकिंगचं नाही, पण त्याच माहिती तंत्रज्ञान कायद्याचं आहे. २००८ च्या दुरुस्तीत ६६-ए नावाचं कलम आलं होतं. संगणकावरून त्रासदायक, अपमानकारक मजकूर पाठवणं गुन्हा. पण त्रासदायक म्हणजे काय, ते कोण ठरवणार? नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरच्या दोन तरुण मुलींना या कलमाखाली अटक झाली. एकीने फेसबुकवर मुंबई बंदबद्दल मत लिहिलं होतं, दुसरीने ते पसंत केलं होतं, एवढंच. कायद्याच्या एका विद्यार्थिनीने, श्रेया सिंघल हिने, सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. २४ मार्च २०१५ ला न्यायालयाने ते कलमच घटनाबाह्य ठरवून रद्द केलं.

दोन्ही गोष्टींचा धडा एकच. कायद्याचे शब्द सैल असले, की ते आधी दुबळ्याच्या गळ्यात पडतात. चोर सोडून संन्याशाला फाशी होते.

कॉसमॉस बँक : पकडले कोण आणि सुटले कोण

आता आपल्या पुण्याची गोष्ट. कॉसमॉस ही १९०६ सालची जुनी सहकारी बँक. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. आपण एटीएममध्ये कार्ड घालतो तेव्हा यंत्र बँकेच्या संगणकाला विचारतं, या खात्यावर पैसे आहेत का? देऊ का? हॅकरांनी बँकेच्या व्यवस्थेत शिरून मध्येच आपला खोटा जाब देणारा बसवला. यंत्राने विचारलं, देऊ का? तो म्हणाला, दे. मग नकली कार्डं घेतलेल्या माणसांनी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये काढले. भारतातही काढले, त्यात आपलं कोल्हापूरसुद्धा होतं. सोमवारी, १३ तारखेला, आणखी जवळपास १४ कोटी परस्पर हाँगकाँगच्या एका खात्यावर धाडले गेले. एकूण आकडा ९४ कोटींवर गेला. ग्राहकांच्या खात्यांतून पैसे गेले नाहीत, नुकसान बँकेचं झालं, असं बँकेने सांगितलं.

एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना दोषी ठरवून तुरुंगवास दिला. हे कोण होते? संगणक फोडणारे नव्हेत. नकली कार्डं घेऊन यंत्रापुढे उभं राहून नोटा काढणाऱ्या साखळीतले होते. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालात या हल्ल्यासंदर्भात उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं गेलं. त्या देशात जाऊन कोण कुणाला पकडणार? हाँगकाँगहून थोडी रक्कम परत आली. डोकं चालवणारे मोकळे, आणि शेवटचा हात गजाआड.

शेवटच्या हाताला शिक्षा होऊ नये, असं आम्ही म्हणत नाही. चोरीचा माल वाहणाराही चोरीत सामील असतो. पण ही गोष्ट आपल्या गटांनी नीट ऐकावी, कारण हा शेवटचा हात आता खेड्यात शोधला जातो. ‘ताई, तुमचं खातं नुसतं पडून आहे. पासबुक, कार्ड आणि सिमकार्ड आम्हाला द्या, महिन्याला दोन-तीन हजार मिळतील.’ असं सांगणारा आला, तर ओळखा. चोरीचा पैसा उतरवायला त्याला आपली पाठ हवी आहे. पोलिसांच्या भाषेत अशा खात्याला म्यूल अकाउंट म्हणतात, म्हणजे ओझ्याचं खेचर. पोलीस माग काढत येतात ते त्या खात्याच्या मालकिणीच्या दारात. मला माहीत नव्हतं, हे सिद्ध करताना तिचे हाल होतात.

कुलूप तपासणारा चोर की राखणदार

एक प्रश्न राहिला. रस्त्याने जाणाऱ्याला तुमच्या दाराचं कुलूप नुसतंच अडकवलेलं दिसलं, त्याने हाक मारून सांगितलं, तर तुम्ही त्याला पोलिसात द्याल का? संगणकाच्या जगात असे लोक आहेत. ते दोष शोधतात आणि मालकाला कळवतात. पण कायद्याने बघितलं, तर परवानगीवाचून हात लावला म्हणून तेही अडचणीत येतात. मग दोष दिसूनही माणूस गप्प बसतो, आणि तोच दोष पुढे चोराला सापडतो.

नेदरलँड्स या देशाने यावर वाट काढली. २०१३ साली तिथल्या सरकारने नियम जाहीर केले. दोष सापडला तर गुपचूप आम्हाला कळवा, गैरफायदा घेऊ नका, आम्हाला दुरुस्तीला वेळ द्या. तसं केलंत तर आम्हीही तक्रार करणार नाही. दोष कळवणाऱ्यांना ते सरकार एक टी-शर्ट भेट देतं. ‘मी डच सरकारला हॅक केलं आणि मला मिळाला हा फडतूस टी-शर्ट’, अशा अर्थाचं त्यावर लिहिलेलं असतं! अमेरिकेच्या न्याय विभागानेही २०२२ साली धोरण बदललं. चांगल्या हेतूने दोष तपासणाऱ्यांवर खटले भरू नयेत, असं आपल्या वकिलांना सांगितलं. आपल्या कायद्यातही अशा राखणदारासाठी स्पष्ट जागा हवी, असं आमचं मत आहे.

मग कायदा कसा असावा?

एवढा इतिहास पाहून आम्हाला चार गोष्टी दिसतात. शिक्षेच्या पायऱ्या हव्यात. सहज डोकावणारा, दोष सांगणारा आणि लुटणारा, तिघांना एका दावणीला बांधू नये. कायद्याचे शब्द नेमके हवेत, म्हणजे ते भलत्याच माणसावर चालणार नाहीत. ज्याच्या हाती आपला पैसा आणि आपली माहिती आहे, त्या बँकेने, कंपनीने, सरकारी खात्यानेही कुलूप नीट लावायची जबाबदारी घ्यावी. आणि दाद मागायची जागा तालुक्याला तरी हवी. शिक्षा तीनऐवजी दहा वर्षं केली म्हणून बाईचे पैसे परत येत नाहीत. तक्रार लगेच घेतली, पैसा वाटेतच गोठवला, तर येतात.

यातलं थोडं झालं आहे. पैसे गेल्याचं कळताच १९३० या क्रमांकावर फोन करायचा. ही राष्ट्रीय सोय आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो, त्याला मध्येच अडवायचा प्रयत्न होतो. म्हणून पहिले काही तास मोलाचे. घरच्यांना काय वाटेल, म्हणून रात्रभर रडत बसू नका. आधी फोन, मग बँक, मग पोलीस ठाणं.

रिझर्व्ह बँकेने २०१७ साली परिपत्रकं काढली, सहकारी बँकांसाठीही काढली. चूक बँकेची असेल, तर ग्राहकाची जबाबदारी शून्य. चूक बँकेचीही नाही आणि आपलीही नाही, मधल्याच कुणी व्यवस्था फोडली, आणि बँकेचा निरोप मिळाल्यापासून कामाच्या तीन दिवसांत आपण कळवलं, तरी आपली जबाबदारी शून्य. चार ते सात दिवसांत कळवलं, तर जबाबदारीला मर्यादा आहे, साध्या मूलभूत बचत खात्याला ती पाच हजारांची. आपणच ओटीपी किंवा पिन सांगितला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं ओझं बँकेवर आहे, आपल्यावर नाही. ‘तुमचीच चूक असणार’ असं कुणी काउंटरवरून म्हणालं, तर हे परिपत्रक शांतपणे सांगा. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, तारीख टाकून घ्या.

या महिन्याच्या गटाच्या बैठकीत तीन कामं करा. १९३० हा आकडा प्रत्येकीच्या पासबुकाच्या आतल्या पानावर लिहा. गटाच्या खात्याचा पिन कुणाकुणाला ठाऊक आहे, ते मोजा, आणि तो एक, दोन, तीन, चार असेल तर त्याच दिवशी बदला. आणि आपल्या तालुक्याच्या पोलीस ठाण्यात सायबर तक्रार कोण घेतं, हे चौघीजणी मिळून विचारून या. नाव आणि वेळ वहीत लिहून ठेवा. मोठ्या देशांनी बैल गेल्यावर झोपा केला. आपला बैल अजून गोठ्यात आहे.